गार मोटर, गरम मोटर

अंदाजे सर कुणाला "कसा आहेस?" असं कधी विचारायचे नाहीत. तुम्ही चहाचा कप कसा उचलला, तेवढं बघायचे आणि सांगायचे, "घरी भांडून आलास." च्यायला, बरोबर निघायचं! खरं आडनाव वेगळं होतं. हे आम्ही ठेवलेलं.

दोन हजार सालच्या आसपास, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये, ते मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह बनवायचे. बाकीचे लोक मोटरच्या शाफ्टला वेग मोजणारा सेन्सर लावत. सरांना तो नकोच. मोटर करंट किती खाते, व्होल्टेज किती, यावरून त्यांचा ड्राइव्ह वेग ओळखायचा. "तिला विचारायचं कशाला? खाण्यावरून कळतं की!" हे त्यांचं वाक्य मी नाकातून म्हणून दाखवायचो. दिंडोरीच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून छड्या खाल्लेला माणूस मी, सोडतोय थोडाच. सर मागे उभे राहून ऐकायचे. "आवाज जमला. अक्कल कधी आणतोस?"

एक सवय मात्र वाईट. क्रेनची ट्रायल असली की ब्रेक उघडा ठेवून, नुसत्या मोटरच्या जोरावर ओझं हवेत थांबवायचे आणि खाली स्वतःचा उजवा हात धरायचे. "अंदाज माझा, तर हातही माझा."

एका वर्षी नवी क्रेन होती. खंडेनवमीला पूजा झाली, हार घातला. पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही. दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर सरांनी ट्यूनिंग केलं, म्हणजे मोटर मोजून तिचे आकडे ड्राइव्हला दिले, तेही गार पडलेल्या मोटरवर. एरवी ते मोटर तापल्यावर परत मोजायचे. तापली की तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि अगदी हळू वेगाला ड्राइव्हचा हिशोब चुकतो. पण शेठ म्हणाले, "मुहूर्ताचं आहे सर, आज नका बदलू." सर हसले. "राहू द्या."

दुपारभर क्रेन घेणाऱ्या पार्टीसमोर ओझं वर-खाली केलं. शेवटी हवेत थांबवलं. सरांनी हात धरला. मोटरचा सूर घसरला. तो मला आजही काढता येतो. काढत नाही.

हॉस्पिटलात शेठ रडत होते. सर म्हणाले, "ड्राइव्हला शिव्या नका देऊ. गार मोटरला विचारलं आणि गरम मोटरवर भरवसा ठेवला."

दिवाळीनंतर ते आले. उजवी बाही खिशात खोचलेली. पोरं म्हणाली, "सर, सोमवारपासून ना?"

"बघू."

चहा दिला. त्यांनी डाव्या हाताने कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला.

मी काही विचारलं नाही. सोमवारी पोरांनी त्यांची खुर्ची पुसून ठेवली. मी त्यांचा कप धुतला आणि फळीवर पालथा घातला.