बॅटरीचे वजन

महाविद्यालयीन सहनशक्ती शर्यतीसाठी आम्ही यवतमाळला छोटी हायब्रिड गाडी बांधली. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवून वळणानंतर वेगासाठी वापरायची, ही प्रणाली माझी होती. तिच्याच जोरावर पुण्यात नोकरी मिळवायचा माझा बेत होता.

निम्मी शर्यत संपली तेव्हा मे महिन्याच्या उन्हात बॅटरी धोक्याच्या तापमानाला पोहोचली. गाडी थांबवायला लावून मीच बॅटरीची जोडणी तोडली, कारण नुसत्या पेट्रोलवर शर्यत पूर्ण होऊ शकत होती.

“काहून वं, इले फिराले आणलं होतं काय?” गाडी चालवणारा वर्गमित्र बॅटरीकडे बघून हसला.

गाडीने शर्यत पूर्ण केली, सगळे नाचले. माझी बॅटरी मात्र उरलेल्या फेऱ्या निव्वळ वजन म्हणून फिरली. संध्याकाळी उतरवली, तेव्हाही ती गरमच होती.