केळवाड्याच्या फळ्या

आमच्या पेडण्याच्या ऑफिसात पाणी सोडून बाकी सगळं साठायचं. मातीचे नमुने, रिकाम्या बाटल्या, परदेशातून आलेली जाडजूड मार्गदर्शकं, आणि किस्से. मार्गदर्शकांना वाळवी लागली, बाटल्या भंगारवाल्याने नेल्या. किस्से मात्र कोणी नेत नाही. चार जण चहाला बसले की कोणीतरी म्हणतं, "तो फळीचा सांग गो," आणि मी परत पहिल्यापासून सुरू होते.

आधी आमच्या कामाबद्दल थोडं. परदेशी मदतीतून गावोगावी पाण्याची कामं करायची, आणि ती करताना हवामान बदलतंय याचं भान ठेवायचं, असा आमचा प्रकल्प. मी पणजीच्या कॉलेजातून नुकतीच एम.एस्सी. होऊन आले होते. एका वर्षात पेडणे तालुका बदलून टाकीन, फार तर डिचोलीसाठी आणखी सहा महिने लागतील, असा माझा हिशेब होता. आमचे परब सर पाणी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. माझ्या प्रत्येक घाईवर त्यांचं एकच उत्तर असायचं. "जातला. सावकाश जातला." म्हणजे होईल, सावकाश होईल.

०००

सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर केळवाडा नावाचा वाडा आहे. खाली ओहोळ, ओहोळावर आमच्या प्रकल्पाने बांधलेला छोटा बंधारा. त्याच्या खांबांना खाचा आहेत. पावसाळा संपला की त्या खाचांत लाकडी फळ्या बसवायच्या, म्हणजे पाणी अडतं आणि उन्हाळ्यात चवळीसारखे अळसांदे, मिरची होते. फळ्या नाहीत तर पाणी नाही, आणि पाणी नाही तर मार्चपासून टँकरची वाट बघायची.

तिथल्या पहिल्या सभेत मी हवामान बदलावर बोलले. खूप बोलले. पडद्यावर लाल-निळे आलेख दाखवले. पाऊस कसा एकदम कोसळतो, मग कसा गायब होतो, आणि आता आपण त्याच्याशी जुळवून घ्यायला कसं शिकलं पाहिजे, हे तीनतीनदा सांगितलं. शेवटी विचारलं, काही शंका?

पुढच्या रांगेत आनंदीमावशी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्यांचे यजमान देवूआबा, वाड्याचे मानकरी. मावशी उठल्या.

"बाय, माजो घोव बदलाक नाय, तेच्याशी इतकी वर्सां जुळवून घेतलंय. पावसाचा काय घेवन बसलंस?"

देवूआबांनी शांतपणे टोपी सारखी केली आणि ते मागच्या रांगेत जाऊन बसले.

०००

आमचा ड्रायव्हर बाबलो मूळचा सावंतवाडीकडचा. आधी डिचोलीत खाणीवर ट्रक चालवायचा. तिथे खेपेवर पैसे, त्यामुळे पुढे ट्रक दिसला की तो मागे टाकायचा हे त्याच्या अंगातच भिनलेलं. खाणी बंद पडल्या आणि तो आमच्या जीपवर आला, पण सवय सोबत घेऊन आला. दिवसभराची गावं आम्ही जेवणाच्या आत उरकायचो आणि तो विचारायचा, "म्याडम, आणखी एक ट्रिप मारूया?"

मदत देणाऱ्या संस्थेचे सल्लागार योहान साहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना आम्ही डिचोलीला नेलं. सोडून दिलेल्या खाणीत पाणी भरून मोठं तळं झालं होतं. निळंशार, काठाला बगळे. साहेब खूश. उन्हाळ्यात हे पाणी वापरता येईल का, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी विचारलं, हे तळं खोल किती आहे?

परब सर म्हणाले, मोजावं लागेल. मी म्हणाले, त्यासाठी यंत्र मागवावं लागेल. बाबलो जीपला टेकून बिडी ओढत होता.

"म्याडम, सायबाक सांगा, मी तळापर्यंत जावन इलंय."

साहेबांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. पाणबुडा आहे का, असं मला विचारलं.

"न्हय," बाबलो म्हणाला. "ट्रक घेवन."

०००

योहान साहेबांचा देश समुद्रापेक्षा खाली आहे. त्यांच्या सगळ्या पिढ्या पाणी बाहेर काढण्यात गेल्या. हे त्यांनी केळवाड्यात मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि मी भाषांतर केलं. देवूआबा विचारात पडले. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "हे पाणी भायर काडतत. आमका पाणी भितर घालूचा आसा. मगे ह्यांका हाडल्यानी कोणी?"

याचं भाषांतर मी केलं नाही.

०००

दुष्काळाची तयारी या विषयावर आमची एक कार्यशाळा होती. मोठा बॅनर छापून आणला. त्या दिवशी एवढा पाऊस झाला की डिचोलीचा रस्ता पाण्याखाली गेला आणि दुष्काळ पुढे ढकलावा लागला. ऑफिसचं छप्परही गळायला लागलं. परब सरांनी बॅनर उलगडला, कपाटांवर अंथरला आणि खुर्चीत बसून म्हणाले, "बघ, पैशे फुकट गेले नाय."

०००

आता तो फळीचा.

बंधारा बांधला त्या वर्षी फळ्या कधी घालायच्या हे कागदावर ठरलेलं होतं. ठरलेल्या तारखेला परब सरांनी स्वतः उभं राहून फळ्या बसवून घेतल्या. पुढच्या आठवड्यात, पाऊस गेला असं सगळे म्हणत असताना, एका दुपारी आभाळ फुटलं. ओहोळाला असा लोंढा आला की फळ्या खाचांतून उचकटून वाहत गेल्या. देवूआबा काठाकाठाने धावले, पण फळ्या पुढे आणि आबा मागे.

काही दिवसांनी परब सर आणि मी खालच्या गावातल्या एका हॉटेलात पातळभाजी-पाव खायला बसलो. सर खात होते. मला बाकड्यावर काहीतरी टोचलं म्हणून मी वाकून बघितलं. बाकाच्या कडेला आमच्या प्रकल्पाचा रंगवलेला शिक्का होता.

मी ताडकन उठले. ही सरकारी... म्हणजे परदेशी... म्हणजे केळवाड्याची फळी आहे, असं मी हॉटेलवाल्याला सुनावणार होते. सरांनी हात धरून मला खाली बसवलं.

"भाजी संपव आदी. फळी खंयच्या खंय कामाक लागली मगे?"

ते बाकडं अजून तिथेच आहे. योहान साहेबांनाही आम्ही एकदा त्यावर बसवून चहा पाजला.

०००

दुसऱ्या वर्षी वाडा म्हणाला, तुमची तारीख नको. पूर्वी मातीचा बांध घालायचो तो तुळशीचं लग्न झाल्यावर, देवाचा कौल घेऊन. तसंच केलं. पण त्या वर्षी पाऊस लवकर आटपला होता. तुळशीचं लग्न होईपर्यंत ओहोळात अडवायला पाणीच राहिलं नव्हतं. कोरड्या खडकात नव्या फळ्या दिमाखात उभ्या, आणि पलीकडे मावशींचे अळसांदे माना टाकून.

त्यावर योहान साहेबांच्या मुख्यालयातून विचारणा आली. दोन वर्षं बंधारा रिकामा, मग दुसऱ्या टप्प्यात केळवाडा कशाला? दुसऱ्या टप्प्यात वाड्याची विहीर आणि नळ होता. तो गेला की टँकर कायमचा.

मी साहेबांना लांबलचक पत्र लिहिलं, की तारीखही नको आणि तिथीही नको, पाऊस बघून ठरवूया. साहेबांचं उत्तर आलं की कल्पना उत्तम आहे, मुख्यालयाला एक वर्ष थांबवतो. पण पाऊस बघणार कोण आणि ठरवणार कोण, हे मला वाड्यात येऊन बघायचं आहे.

०००

बघण्याची सोय म्हणून मी आनंदीमावशींच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला. तुळशीवृंदावनाच्या बाजूला, कारण तेवढीच जागा मोकळी आणि शेणाने सारवलेली. त्यांच्या नातीने रोज आकडा वाचून मला फोनवर सांगायचा.

आकडे विलक्षण होते. पेडण्यात ऊन, शेजारच्या मोप्यात ऊन, आणि मावशींच्या अंगणात रोज न चुकता बारीक पाऊस. योहान साहेबांना मी कळवलं. त्यांनी दोन तज्ज्ञांना विचारलं. सड्याच्या उतारामुळे तिथे पहाटेचं धुकं विरघळत असेल, असा एक सिद्धांतही तयार झाला.

एका सकाळी मी बाबलोला लवकर उठवून तिथे पोचले. मावशी न्हाऊन तुळशीला पाणी घालत होत्या. प्रदक्षिणा झाली, नमस्कार झाला. तांब्यात घोटभर पाणी उरलं होतं. ते त्यांनी मापकात ओतलं आणि त्यालाही हळदकुंकू लावलं.

"मावशी, हे काय?"

"तुळशीक घालतंय," मावशी म्हणाल्या. "बाजूक ह्या उबा. ह्याका उपाशी कसा ठेवचा?"

मी त्यांना बसवून सगळं समजावलं. त्यांनी ऐकलं आणि तुळशीची शपथ घेऊन सांगितलं की नेम बंद. त्या दिवसापासून त्यांच्या अंगणात आमच्यासारखंच ऊन पडू लागलं.

०००

तिसऱ्या वर्षी पाऊस दिवाळीच्या आधीच थांबल्यासारखा झाला. ओहोळ उतरत होता. मापक कोरडा. योहान साहेब येऊन पोचले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होते. फळ्या आज घातल्या तर उद्या त्यांना पाणी दिसेल, नाहीतर केळवाडा संपला.

देवूआबा म्हणाले, कौलाशिवाय फळी हलणार नाही.

मी परब सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "जातला."

सगळे देवळात गेलो. साहेबांनी बूट काढले आणि मांडी घालून बसायचा प्रयत्न केला. गुरवाने ओल्या कळ्या देवाच्या अंगावर लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आबांनी गाऱ्हाणं घातलं, की आज फळ्या घालायच्या का? सगळे वाट बघत राहिले. एकही कळी पडली नाही. आबांनी फिरवून विचारलं, मग तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबायचं का? तरी नाही. बाहेर ओहोळ चालला होता, आत देव गप्प. साहेबांनी माझ्या कानात विचारलं, हीच का तुमची निर्णयपद्धती?

आबांनी डोळे मिटले. मग मोठ्या आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! फळ्यो घातल्यो तर लोंढो घेवन जाता. नाय घातल्यो तर पाणी जाता."

"व्हय म्हाराजा!" वाडा म्हणाला.

"तर आमी आज घालतों. पावस इलो तर काडतों. पावस गेलो काय परत घालतों. रातदिस राखण करतों. ह्या तुका मान्य आसात तर उजवो प्रसाद दी!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला योहान साहेबसुद्धा.

उजवी कळी टपकन पडली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जे मी लाल-निळ्या आलेखांत सांगू शकले नव्हते, ते तीन वाक्यांत झालं होतं. आनंदीमावशी मला कोपराने ढोसत पुटपुटल्या, "माज्या घोवान घरात कदी असा जमवून घेवक नाय."

दुपारी फळ्या बसल्या. चार वाजता सड्यावर आभाळ काळं झालं.

पुढचं मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. अख्खा वाडा ओहोळात, पाऊस धो धो, आबा ओरडतायत, परब सर कमरेपर्यंत पाण्यात उभे आणि पहिल्यांदाच घाईत. बाबलो आणि योहान साहेब एका फळीची दोन टोकं धरून काठावर आले, तेव्हा बाबलोने फळी आपटली आणि सवयीने आरोळी ठोकली, "ट्रिप भरली!" साहेबांना वाटलं, तशीच रीत असेल. मग प्रत्येक फळीला तेही ओरडले.

तासाभरात लोंढा निघून गेला. कंदील लागायच्या आत फळ्या परत खाचांत होत्या, एकही न हरवता.

सकाळी बंधारा काठोकाठ भरला होता. साहेब काठावर आले आणि म्हणाले, केळवाडा दुसऱ्या टप्प्यात राहतो, मुख्यालयाशी मी भांडतो. मग, जायच्या आधी कालच्या पावसाचा आकडा स्वतः वाचायचा, म्हणून ते मावशींच्या अंगणात गेले. गुडघे टेकून त्यांनी मापकात वाकून बघितलं, काचेला बोट लावलं, वहीत आकडा लिहिला आणि तो दोनदा मोठ्याने वाचला.

आनंदीमावशी तुळशीपाशी तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली.

"बाय, सायबाक सांग. आज खुशयेचो दिस, तेतूर घोटभर पाणी माजा आसा. ता तेवडा वजा करूक सांग."