होकार तिच्या मोबाइलवर

मित्रांनो, आज दुपारी साडेतीनला मी रागात एक बटण दाबलं आणि सगळं बदललं.

चाकणला आमच्या कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. शिफ्ट सुटल्यावर पाहिलं, तर माझ्या गर्लफ्रेंडचा, प्राजक्ताचा, एकही मेसेज नाही. डोकंच फिरलं. आमचे दोन वर्षांचे फोटो तिच्या क्लाउड खात्यात आहेत. माझ्या फोटोंच्या अ‍ॅपला ते तिनेच जोडून दिलं होतं. मी बटण दाबून ती जोडणी तोडून टाकली.

खोलीवर येईपर्यंत राग उतरला. पुन्हा जोडायला गेलो, तर जमेना. रूममेट सचिन हिंजवडीत आयटीत आहे. त्याला म्हटलं, "काहीतरी कर ना राव! तिचा पासवर्ड अ‍ॅपमध्ये असेलच की."

"भावा, पासवर्ड अ‍ॅपला कधी मिळतच नाही. तिने होकार दिला होता, तेवढ्यावर फोटो दिसत होते. तो होकार तूच फेकलास. आता पुन्हा तिलाच विचारावं लागेल."

मी अ‍ॅपमध्ये तिचा ईमेल टाकला. परवानगी द्यायची का, हा प्रश्न तिच्या मोबाइलवर गेला. मिनिटभरात माझ्या स्क्रीनवर आलं, 'परवानगी नाकारली'.

सचिन म्हणाला, "अरे, फोन करून बोल तरी."

अशा वेळी काय बोलायचं असतं? कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा.  मी चपला घातल्या, फोन न करताच बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.