तक्रारी वाचणारे काका

रिसालीत आमच्या शेजारी राहणारे काका कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्याबद्दलच्या तक्रारी वाचतात. "तारीफ तर कोणीबी करते भाऊ, चिडलेला माणूस खरं बोलते," हे त्यांचं म्हणणं. कूलर त्यांनी असाच घेतला. काकू म्हणतात, जावईही असाच पारखला.

यंदा मुलगी-जावई त्यांना अंदमानला नेणार आहेत. त्या दोघांना स्कूबा डायव्हिंग करायचंय, रिसॉर्ट मात्र काकांनी निवडायचं. म्हणून रोज संध्याकाळी मला बोलावणं येतं. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीत बसून काका मोबाइलवर एकेक आलिशान रिसॉर्ट बाद करतात. खोलीला लागून स्विमिंग पूल, खाजगी किनारा, सगळं अंगठ्याने पुढे सरकतं.

एकदा मीच एक तारीफ वाचून दाखवली. इथे काम करणारी माणसं नजरेसही पडत नाहीत, इतकी शांतता आहे, असं कुणी लिहिलं होतं. काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे त्यायले लपून राहा लागत असन," म्हणाले, आणि तेही बाद झालं.

काल मात्र मी बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला. एका पाहुण्याने रागाने लिहिलं होतं, की एवढ्या महागड्या ठिकाणी बोटीवरची आणि झाडलोट करणारी माणसं शेजारच्याच टेबलावर जेवत होती, आणि सांगूनही मॅनेजरने त्यांना उठवलं नाही.

"तिथंच जाऊ," काका म्हणाले. "उठवलं नाही म्हणते."

मग काकूंना हाक मारून त्यांनी ती तक्रार पुन्हा वाचून दाखवली, सावकाश, तारीफ वाचावी तशी.