उसनी जीभ

लाकडाच्या वखारीसमोर मावशींची खानावळ होती. थंडी पडली की तिथे रोज एका मोठ्या पातेल्यात सूप शिजायचं. धुरी दिलेलं मांस, गाजर, बटाटे, कोबी, रात्री भिजवलेले घेवड्याचे दाणे. वखारीतले हमाल, सुतार, ट्रकवाले त्यावर तुटून पडत.

चुलीजवळ मात्र मावशी कुणाला फिरकू देत नसत. सून घरात येऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्या वाट्याला भाज्या चिरणं आणि भांडी घासणं एवढंच. "दोन हात लागले की चव बिघडते," एवढं म्हणून मावशी विषय मिटवून टाकत.

त्या हिवाळ्यात मावशींना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. वाट बघायची." मावशींनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही आणि हाताच्या सवयीवर पातेलं चढवलं. नेमकं त्या आठवड्यात मांस दुसऱ्या दुकानातून आलं होतं, आणि ते चांगलंच खारट होतं.

लांबू नावाने ओळखला जाणारा ट्रकवाला पहिला चमचा घेऊन पाण्याकडे वळला. "मावशी, आज पातेल्यात समुद्र ओतलात का?"

सगळे हसले. मावशीही हसल्या. पण वाट्या अर्ध्याच परत आल्या, तशा त्या आत जाऊन पाटावर बसल्या.

सून मागोमाग आली. "आई, तुम्हाला चव लागत नाही ना?"

"कोण म्हणालं?"

"परवा दूध करपलं, तेव्हा तुम्ही शेजारीच उभ्या होतात."

मावशींनी पदराने कपाळ पुसलं. "आता काय करू गं? याच्याशिवाय मला दुसरं काय येतं?"

"उद्या माझी जीभ वापरा की," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी चुलीपाशी उभ्या राहिल्या. मावशींनी सांगितलं तसं सुनेने मांस उकळून पहिलं पाणी ओतून दिलं, कांदा परतला, भाज्या घातल्या, आच मंद केली. मग पळीतून थोडं चाखलं.

"कसं लागतंय?"

"छान."

"छान ही काय चव झाली? आधी काय लागतं ते सांग."

सुनेने डोळे मिटले. "आधी धूर. मग मीठ. मग एकदम पोकळ."

"गाजर कमी पडलं. अजून घाल."

गाजरं शिजल्यावर तिने पुन्हा चाखलं आणि थोडी घुटमळली. "आई, थोडं आंबट हवं. मला कायमच वाटायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला चुलीजवळ यावं लागतं."

मावशींना हसू फुटलं. "जीभ भलतीच तिखट आहे तुझी," म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने दोन टोमॅटो चिरून पातेल्यात टाकले.

दुपारी लांबूने पाण्याला हात न लावता वाटी संपवली आणि दुसरी मागितली. "आज काय घातलंत?"

सून मान खाली घालून पाव कापत होती. मावशींनी पळी खाली ठेवली. "मला सध्या कशाचा वास येत नाही बाबा. सूप हिनं केलंय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. बाकावर कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. सगळे खाण्यात गुंतले होते.

उन्हं तापू लागली तसा मावशींना धुराचा वास थोडाथोडा कळायला लागला. गाजराचा गोडवा काही परत आला नाही. पण आता त्या पातेल्याशी दोघी असतात. कोबी कधी घालायचा यावरून मात्र त्यांचं अजून जमलेलं नाही. सून म्हणते अगदी शेवटी, मावशी म्हणतात बटाट्याबरोबरच, आणि बाहेर भुकेली माणसं निकालाची वाट बघत कोरडा पाव चघळत बसतात.