काडीमोडीनंतरचे खेळ

सकाळी पंचांसमक्ष बायकोशी काडीमोड घेऊन त्याच संध्याकाळी तिच्याच आवाजावर तंबू भरवून दाखवणारा पुरुष अख्ख्या माळव्यात एकच झाला, आणि ते माझे मामा होते. हे मी खाली मान घालून सांगत नाही. आमच्या कुळात चारचौघांत सांगण्यासारखे फारसे काही घडलेले नाही. पणजोबा धारेत सरकारस्वारीपुढे मशाल धरत, तेवढे सोडले तर पुढच्या कोणी कोणापुढे काही धरल्याचे ऐकिवात नाही. मी स्वतः मॅट्रिकला दोनदा बसून दोन्ही वेळा तसाच उठलेला शाळामास्तर. तेव्हा मामांचा अभिमान धरणे सुरुवातीला मला सोयीचे होते म्हणून मी धरला, आणि मग तो सुटेचना.

हे आईचे चुलतभाऊ. हलत्या चित्रांचे यंत्र घेऊन गावोगाव तंबू ठोकणारे आमच्या जातीतले पहिलेच. जातीने कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "आजोबांनी राजाच्या वाटेवर उजेड पाडला, मी चादरीवर पाडतो. धंदा तोच आहे." यंत्रात चुन्याची कांडी तापवून पांढराफेक उजेड काढायचा आणि हँडल हाताने फिरवायचे. ते एका लयीत फिरावे म्हणून मामा मनातल्या मनात आरती म्हणत, आणि ती लय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की ते चालत, घास चावत, एवढेच काय, रागावतसुद्धा त्याच लयीत. माणसे ते रिळांवर मोजत. तिरल्याचे एक पाटील त्यांना आपल्या बांधाच्या भांडणाची हकिगत सांगत होते. मामांनी तासभर निमूट ऐकले आणि म्हणाले, "पाटील, तुमचं तिसरं रीळ दुसऱ्यांदा लागलंय." मात्र एकदा यंत्राशी उभे राहिले की ते कोणाशी चकार शब्द बोलत नसत. देवापुढे आणि यंत्रापुढे बडबड करू नये, असा त्यांचा नेम होता.

बोलायचे काम मामीचे. त्या वेळची चित्रे मुकी. मधेमधे इंग्रजी अक्षरांच्या पाट्या येत, त्या वाचणार कोण? म्हणून पाणी मारून ओल्या केलेल्या पडद्याच्या कडेला, बांबूला टेकून मामी उभी राही आणि चित्र चालू असताना गोष्ट सांगे, निम्मी मराठीत, निम्मी समोरच्या तोंडांकडे बघून माळवीत. सुट्टीत मी तंबूबरोबर फिरे. पाट्यांचे मराठी करून मामीला आधी सांगून ठेवणे ही माझी कामगिरी. माझे इंग्रजी आधीच दोनदा नापास झालेले, त्यामुळे जे समजत नसे तिथे मी "पुढे बरेच काही घडते" असे सांगत असे. मामी म्हणे, "मास्तर, तुमची गोष्ट अळणी आहे. बघते मी." मग साहेब असेल तो भाऊसाहेब होई, मडम असेल ती गोदूबाई, आणि गोदूबाईला सासू नसली तर मामी एक सासू घालून देई. ती पडद्यावर कधीच दिसत नसे. तरी सतवासच्या बाजारात बायकांनी मला थांबवून विचारले होते, की त्या म्हातारीचे पुढे काय झाले.

लोक येत ते मामीच्या आवाजासाठी. हे मामांनाही ठाऊक होते, पण ते तोंडातून काढले तर हाताचा वेग बिघडेल अशी बहुधा त्यांना भीती असावी. लग्नाला बारा वर्षे झाली तरी त्यांनी तिला एकदाही "छान सांगितलंस" म्हटले नव्हते.

भांडण झाले नेमावरला, नर्मदेच्या घाटावर जत्रेच्या गर्दीत. चित्रात भाऊसाहेब मरायला टेकले होते. मामीने त्यांच्या तोंडी असे काही निरोपाचे बोलणे घातले की यात्रेकरूंनी पदर डोळ्यांना लावले. ती म्हणाली होती, इथे जरा हळू घ्या. मामांनी नाही घेतले. मामीचा भाऊसाहेब "गोदू, माझ्यामागे तुळशीला पाणी घाल" म्हणत होता तेव्हा पडद्यावरचा भाऊसाहेब पुरून झाला होता आणि मंडळी टोप्या घालून घराकडे निघाली होती. तंबू हसला. खेळ संपल्यावर मामी यंत्राशी गेली.

"माणूस मरताना तरी थांबायचं."

"चित्र माझ्या हातानं चालतं," मामा म्हणाले. "तू नुसती बोलतेस."

त्या "नुसती"वर पंच बसवावे लागले.

आमच्या कारागीर जातीत ही सोय होती. पंचांपुढे नवराबायकोने गवताची काडी धरून मोडली की दोघेही मोकळे. पण कारण द्यावे लागे. थोरल्या पंचांनी मामीला विचारले, "मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"चहा. तोही निवलेला."

"मग दुसरीकडे कुठे..."

"यंत्र सोडून कुठं जातात ते?"

"अगं मग कारण काय?"

"हँडल जलद फिरवतात."

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. इतक्या वर्षांत असले गाऱ्हाणे त्यांच्यापुढे आले नव्हते. मामांना विचारले, तर ते म्हणाले, "चित्र संपलं तरी ती बोलत राहते." थोरले पंच "अरे, हे तर घरोघरी..." असे सुरू झाले, आणि आपली बायको मागे ओसरीवर बसली आहे हे ध्यानात येऊन खोकले. समजूत घालून झाली, दटावून झाले. दोघेही मानी. शेवटी काडी आणली. मामांनी ती उजेडात धरून परत दिली, "ही ओली आहे, वाकेल, तुटायची नाही. सुकी द्या." सुकी आली, कट्‌ करून मोडली. मामीने हात झटकले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, त्यांना विचारा, आजचा खेळ दिवेलागणीलाच ना?"

खेळ तर करायलाच हवा होता. तिच्यावाचून तंबू मुका आणि तंबूवाचून तिचा आवाज चुलीपाशी. माझ्या आईला सगळे समजल्यावर तिने मामीला बोलावून जेवू घातले. म्हणाली, "काडी त्यांची मोडली. माझी वहिनी कशी मोडेल?"

काडीमोडीने एक मात्र झाले, त्या दोघांत सभ्यता आली. बारा वर्षांचे "अगं" आणि "अहो" गेले. मामा तिला "सांगणाऱ्या बाई" म्हणू लागले, ती त्यांना "यंत्रवाले". आणि मुक्काम देवासला पडला. असल्या जोडप्याला याहून सोयीचे गाव त्रिखंडात मिळाले नसते. एका गावात दोन राजे, रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. मामा थोरल्या पातीत एका तांबटाकडे उतरले, मामी धाकट्या पातीत मावशीकडे. तंबू हद्दीवरच्या मैदानात असा बसवला की यंत्र एका राज्यात उभे राही आणि पडदा दुसऱ्यात. मी त्या तांबटाजवळ जरा संकोचून आमच्या घरातली हकिगत काढली, तर तो तांबे ठोकता ठोकता हातोडीने गावावरच्या देवीच्या टेकडीकडे दाखवीत म्हणाला, "भिया, हमारे यहाँ राज दो हैं, टेकरी एक है. चलता है."

आणि चालले, खरोखरच चालले. तीन वर्षे. कामापलीकडचे बोलणे बंद असल्यामुळे दोघांना एकमेकांना जे सांगायचे ते सगळे खेळात येऊ लागले. गोदूबाई ऊठसूट म्हणे, "काही पुरुष असतात बाई, हात चालतो, जीभ चालत नाही." यावर मामा हँडल असे भरभर फिरवीत की गोदूबाई हात उडवीत पळत सुटे आणि मामीची धांदल होई. मामी म्हणे, "भाऊसाहेबांना आज फार घाई दिसते, घरी कोण वाट बघतंय?" की भाऊसाहेब एकदम गोगलगाईसारखे चालू लागत. लोक तेच तेच चित्र आठ-आठ दिवस बघायला येत. आत शिरताना मला विचारत, "मास्साब, आज भिया-भाबी की कैसी चल री है?" मी गंभीर चेहरा करून सांगे, "आज कडाक्याची आहे." मनातून मात्र छाती फुगे. ज्याच्या घरचे भांडण बघायला दोन राज्यांची प्रजा एका तंबूत बसते असा दुसरा मास्तर आमच्या शाळेत नव्हता.

मग इंदूरचा एक तंबूवाला आला. विधुर, सोन्याच्या गुंड्यांचा कोट, आमच्या दुप्पट मोठा तंबू. त्याने मामीला दोन्ही गोष्टी एकदमच विचारल्या. आमच्याकडे सांगायला याल का, आणि पाट लावाल का. काडीमोड झालेल्या बाईला दुसरे लग्न करायला जातीची ना नव्हती. मामी म्हणाली, शनिवारचा खेळ झाल्यावर सांगते. ती खरेच जाईल असे मला वाटले, कारण त्या माणसाने पहिल्याच भेटीत तिला म्हटले होते, "बाई, तुम्ही फार छान सांगता."

मी धावत मामांकडे गेलो. ते चुन्याच्या कांड्या फडक्याने पुसत होते.

"मामा, मामी चालल्या."

"जाऊ दे. त्या आवाजाला मोठाच तंबू पाहिजे."

"हे तुम्ही त्यांना सांगा की."

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही शाळेत मुलांना सांगता तसं मला सांगू नका. मला येत नाही ते." आणि पुसलेलीच कांडी पुन्हा पुसायला घेतली.

शनिवारी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. इंदूरकर पुढच्या खुर्चीवर. चित्र नवरा-बायकोचेच होते. शेवटच्या रिळात बायको पत्र फाडून टाकते, बॅग भरते आणि बागेतून पाठमोरी चालत फाटकाबाहेर निघून जाते. मामी त्या दिवशी टोमणे मारीत नव्हती, सासू आणीत नव्हती. ती साध्या आवाजात म्हणाली, "भाऊसाहेब, मी जाते. तुमच्या घरात मला काही कमी नव्हतं. एक शब्द तेवढा कमी पडला."

पडद्यावरची गोदूबाई फाटकाकडे निघाली, आणि तिची चाल मंद होऊ लागली. मंद, आणखी मंद, पाण्यातून चालल्यासारखी. मी मागे वळून पाहिले. मामांचा हात जेमतेम फिरत होता. यंत्राजवळ वावरणाऱ्याला ठाऊक असते की हात थांबला तर त्या उजेडाने फिल्म पेट घेते. पुढे फिरवावे तर बाई जाणार, थांबवावे तर तंबू जळणार. मामांनी हँडल उलटे फिरवले.

गोदूबाई फाटकातून परत येऊ लागली. पाठमोरी, उलट पावली, बागेतून, पायऱ्या चढून वर. मधल्या रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "अरे भिया, वा तो पाछी अई री हे."

मामीने पडद्याकडे पाहिले, मग यंत्राकडे. मग ती सावकाश म्हणाली, "हो. परत येतेय. पण बघा मंडळी, पाठ करून येतेय. तोंड फिरवायला कुणी हाक तर मारली पाहिजे."

अख्खा तंबू यंत्राकडे वळला. मामा घामाने भिजले होते, हात फिरतच होता. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो मला ओळखूसुद्धा आला नाही.

"हात मोकळा नाही माझा," ते म्हणाले. "नाहीतर मीच आलो असतो तिकडे."

पडद्यावर पत्राचे कपटे जमिनीवरून उडाले आणि गोदूबाईच्या हातात त्यांचे सबंध पत्र झाले. मामीने ते सांगितले, पण तिचा आवाज मधेच फुटला, आणि बायकांच्या बाजूने कोणीतरी तिला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. इंदूरकर टोपी घालून उठला. भला माणूस होता. जाता जाता मला म्हणाला, "मास्तर, आमचं यंत्र एकाच बाजूनं फिरतं."

पंच मात्र पेचात पडले. थोरले म्हणाले, मोडायची रीत आहे, मोडलेल्यांनाच परत जोडायची नाही. शेवटी परक्या माणसाशी लावावा तसा मामीचा मामांशीच पाट लावला. मामीची एकच अट होती, नेमावरच्या चित्रात भाऊसाहेबाने सावकाश मरायचे. पुढे तो गृहस्थ इतका सावकाश मरू लागला की लोक मधे जाऊन पान खाऊन येत.

बरीच वर्षे गेली. बोलपट आला. पडद्यावरच्या बायका स्वतःच बोलू लागल्या आणि बांबूपाशी उभे राहण्याचे कारण उरले नाही. मामांनी तंबू उतरवला. धारेत नवे थिएटर झाले तेव्हा मी हट्टाने दोघांना बोलपटाला नेले आणि त्यांच्या पुढच्या रांगेत बसलो. मामी पदर सावरून गप्प बसली होती, परक्याच्या घरी बसावे तशी. पडद्यावरची बाई बोलू लागली, स्वच्छ, खणखणीत. मामांचे कान अखेरपर्यंत तीक्ष्ण होते, भिंतीपलीकडची कुजबुज त्यांना कळे. ते मामीकडे झुकले आणि म्हणाले, "ती काय म्हणतेय गं? मला नीट कळत नाहीये."

मामी सरसावून बसली. मग तिने सांगायला सुरुवात केली. आजूबाजूचे दोघेतिघे "शू" म्हणाले, आणि मग तेही ऐकू लागले. पडद्यावरची ती बाई खरोखर काय म्हणत होती, ते मला आजतागायत ठाऊक नाही.