तुझी मर्जी असेल तर

नगरच्या एका मिशन हॉस्पिटलात मी आजारी आईजवळ बसून असायचो. शेजारच्या खाटेवर खर्ड्याकडचा एक माणूस होता. त्याची बायको दिवसभर पदराच्या टोकाने त्याच्या तोंडावरच्या माश्या वारायची.

आवारातल्या चर्चमध्ये दर रविवारी दाराजवळच्या पेटीत टाकलेल्या, आजाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वाचून प्रार्थना होई. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून शनिवारी ती जुन्या कॅलेंडरचा कपटा घेऊन माझ्याकडे यायची.

"आमच्या मालकाचं नाव लिवा. म्होरं लिवा, देवबापा, तुझी मर्जी असंल तर बरं कर."

मी वैतागायचो. "मावशी, मागायचंच तर सरळ मागा की. मर्जी कसली विचारता?"

"हुकूम सोडाया आपुन कोन, दादा? आपुन दारात बसायचं."

आणि खरोखरच ती चर्चमध्ये दाराजवळ, चपलांशेजारी जमिनीवर बसायची. पुढची बाकं रिकामी असली तरी.

चौथ्या शनिवारी सकाळी तिचा नवरा गेला. त्याला गावी न्यायला गाडी यायची होती. बादली, चादर, ताटली बांधून झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात कपटा होता.

"आज तुमच्या आईचं लिवा. जाता जाता पेटीत टाकते."

मी आईचं नाव लिहिलं. पुढे सवयीने 'तुझी मर्जी असेल तर' लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

तिने माझं मनगट धरलं.

"त्ये खोडा," ती म्हणाली. "नुसतं 'बरी कर' लिवा."